दहा इंच आणि एक हट्टी म्हातारा

मागच्या वर्षी आमच्या टीमच्या ऑफ-रोड गाडीला मागे लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवायची आयडिया माझी होती. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा!

झालं असं की आमच्या गाडीच्या चाकाला वर-खाली मिळून जेमतेम सहा इंच ट्रॅव्हल मिळत होता. एक चाक दगडावर चढलं की मागचं एक चाक हवेत. हवेतलं चाक नुसतं गरगर फिरतं, जमिनीवर असेल तरच गाडी ओढतं. मी म्हटलं, शॉक लांब घेऊ, विषय संपला. वर्कशॉपमधल्या मामांनी सांगितलं होतं की नुसता शॉक बदलून भागत नाही, त्याच्या मागोमाग सगळंच बदलावं लागतं. पण तेव्हा मी सस्पेन्शन हेड होतो ना! मामांनी आयुष्यभर गाड्या उघडल्या, आणि मी सहा महिन्यांत सॉफ्टवेअर शिकलो. ऐकणार कोण?

ट्रायलला गाडी रूममेट चालवत होता. पहिल्याच उडीत मागचं चाक खाली लोंबलं, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट कपातून बाहेर आला, गाडी आडवी फिरली आणि त्याचं मनगट फ्रॅक्चर झालं. प्रॅक्टिकल्स आठ दिवसांवर होती. तो मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त टीमचा टी-शर्ट धुऊन, घडी करून माझ्या कॉटवर ठेवला.

पुढचे काही दिवस मला रूमवर बसवेना, म्हणून मी लायब्ररीत बसायला लागलो. तिथे रणगाड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि त्यात हा म्हातारा भेटला. नाव जॉन वॉल्टर क्रिस्टी. मग मिळेल तिथून त्याच्याबद्दल वाचत गेलो. चाकाला ट्रॅव्हल मिळावा म्हणून अख्खं आयुष्य घालवलेला माणूस! आणि माझ्यापेक्षा कितीतरी पटीने हट्टी.

क्रिस्टीचा जन्म 6 मे 1865 चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. सोळाव्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या डेलामेटर आयर्न वर्क्समध्ये कामाला लागला. दिवसा कारखाना आणि कूपर युनियनमध्ये शिक्षण, असं त्याचं चाललं होतं. म्हणजे आपल्यासारखं आधी चार वर्षं थिअरी आणि मग प्लेसमेंट असं नाही. हाताला ग्रीस लागलेलं असतानाच शिक्षण. पुढे तो जहाज कंपन्यांना सल्ला देणारा इंजिनिअर झाला. युद्धनौकेवरची तोफ ज्या गोल मार्गावर फिरते त्यात त्याने सुधारणा केली आणि पेटंट घेतलं.

मग त्याला मोटारींचं वेड लागलं. त्या काळात गाडी मागच्या चाकांनी ढकलली जायची. क्रिस्टी म्हणाला, पुढच्या चाकांनी ओढली तर? आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्याच चाकांनी ओढल्या जातात, इंजिन आडवं असतं. क्रिस्टीने हे 1904-05 च्या सुमारास करून दाखवलं होतं. आणि नुसतं बनवून थांबला नाही, स्वतः रेसला उतरला. 1905 च्या व्हँडरबिल्ट कप शर्यतीत त्याची गाडी आणि शर्यतीत पुढे असलेल्या व्हिन्चेंझो लान्चियाची गाडी यांची टक्कर झाली, आणि लान्चियाची हातातोंडाशी आलेली शर्यत गेली. 1907 साली क्रिस्टी फ्रान्समधल्या दिएपच्या ग्रां प्री शर्यतीत पोचला. त्याच्या गाडीचं इंजिन होतं चार सिलिंडरचं, पण जवळजवळ 20 लिटरचं! आपल्या बाइकचं 150 सीसीचं इंजिन डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हिशोब लागेल. शर्यत मात्र काही फेऱ्यांतच संपली, इंजिनाने दगा दिला.

पैसा त्याला मिळवून दिला तो आगीच्या बंबांनी. न्यूयॉर्कसारख्या शहरांकडे वाफेवर चालणारे चांगले पंप होते, पण ते ओढायला घोडे. क्रिस्टीने पंप फेकून द्यायला सांगितलं नाही. त्याने पुढच्या दोन चाकांचा एक इंजिन-ट्रॅक्टर बनवला. घोडे सोडायचे आणि तिथे हा जोडायचा. 1911 नंतरच्या काही वर्षांत असे सुमारे 600 ट्रॅक्टर विकले गेले. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला हा एकच काळ, ज्यात समोरच्याकडे काय आहे ते बघून त्याने आपली कल्पना त्याला जोडली. पुढे हे त्याला जमलं नाही.

पहिल्या महायुद्धात तो सैन्यासाठी तोफांचे गाडे बनवायला लागला आणि तिथून रणगाड्यांकडे वळला. तेव्हाचा रणगाडा म्हणजे माणसाच्या चालीने सरकणारी पेटी. रस्त्यावर पळवला तर पट्टे लवकर झिजायचे. क्रिस्टीचा पहिला उपाय असा की रस्त्यावर पट्टे काढून ठेवायचे आणि चाकांवर पळायचं, रान लागलं की पट्टे चढवायचे. 1919 आणि 1921 ची त्याची मॉडेल्स अशी होती, पण सैन्याला ती पटली नाहीत. आणि खरं सांगायचं तर ती तितकीशी चांगलीही नव्हती. वेग वाढवला की आतल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. म्हणजे अडचण इंजिनात नव्हतीच, सस्पेन्शनमध्ये होती.

आता इथे जरा नीट लक्ष द्या, कारण आमची गाडी जिथे अडकली तीच ही जागा. चाक जास्त वर-खाली व्हायचं असेल तर स्प्रिंगला तेवढं दबायला जागा पाहिजे. रणगाड्याच्या खाली जागा नसते. तिथे लांब स्प्रिंग लावली तर गाडी उंच होते आणि शत्रूला आयतं निशाण मिळतं. क्रिस्टीच्या आधीच्या डिझाइनमध्ये चाकाला साधारण चार इंच ट्रॅव्हल होता. त्याने विचार केला, स्प्रिंग चाकाच्या डोक्यावरच कशाला पाहिजे? प्रत्येक चाक त्याने एकेका स्वतंत्र आर्मवर बसवलं. रणगाड्याची बाजूची भिंत दुहेरी केली आणि दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत लांबलचक कॉइल स्प्रिंग उभ्या ठेवल्या. म्हणजे भिंतीची जवळजवळ पूर्ण उंची स्प्रिंगला वापरायला मिळाली. पुढच्या चाकांना उभी जागा नव्हती, तिथे स्प्रिंग आडवी टाकून जोर वळवून घेतला. ट्रॅव्हल चार इंचांवरून दहा इंचांवर गेला, आणि गाडीची उंची वाढली नाही!

म्हणजे त्याने नुसती लांब स्प्रिंग लावली नाही. लांब स्प्रिंगसाठी अख्खी गाडी नव्याने आखली. हे वाचलं तेव्हा मला मामा आठवले.

1928 साली व्हर्जिनियातल्या फोर्ट मायरला त्याने हा रणगाडा सैन्याच्या वरिष्ठांसमोर पळवला. पट्ट्यांवर ताशी 68 किलोमीटरच्या आसपास आणि नुसत्या चाकांवर ताशी 110 च्या वर. इतरांचे रणगाडे तेव्हा याच्या जवळपासही नव्हते. क्रिस्टीने त्याला नाव दिलं मॉडेल 1940. आपण बारा वर्षं पुढे आहोत, हे त्याने नावातच सांगून टाकलं. गर्व म्हणा हवं तर, पण गर्व खोटा ठरला नाही.

सगळं इतकं छान असताना सैन्याने ऑर्डर का नाही दिली? दोष दोन्हीकडे होता असं मला वाटतं. सैन्याच्या ऑर्डनन्स खात्याला जाड चिलखत, नेमून दिलेली मापं आणि त्यांनी ठरवलेले बदल हवे होते. क्रिस्टीला वेग हवा होता, आणि आपल्या ड्रॉइंगवर दुसऱ्या कुणी पेन्सिल लावलेली त्याला खपायची नाही. सैन्याने मोजकेच रणगाडे घेतले आणि नंतर संबंध तुटले. अमेरिकेने पुढे वेगळंच, व्होल्यूट स्प्रिंगचं सस्पेन्शन घेतलं. प्रसिद्ध शर्मन रणगाडा त्याच्यावर धावला. पोलंडशी क्रिस्टीचा करार झाला होता, तोही पूर्ण झाला नाही.

हातात पैसे नाहीत आणि डोक्यात रणगाडा, अशा माणसाकडे गिऱ्हाईक आलं रशियाचं. 1930 च्या अखेरीस त्याचे दोन रणगाडे टरेट न लावता जहाजावर चढले. कागदोपत्री ते शेतीचे ट्रॅक्टर होते! सरकारची परवानगी नव्हती. खारकोवच्या कारखान्यात त्यांच्यावरून बीटी मालिकेचे रणगाडे बनले आणि ते हजारांनी निघाले. पुढे त्याच कारखान्यात मिखाईल कोश्किनच्या हाताखाली टी-34 तयार झाला. त्याने चाकांवर पळायची सोय काढून टाकली, चिलखत जाड आणि तिरकं केलं, पण सस्पेन्शन क्रिस्टीचंच ठेवलं. 1940 च्या सुरुवातीला कोश्किन स्वतः नमुन्यांबरोबर खारकोवहून मॉस्कोला गेला, त्या थंडीत त्याला न्यूमोनिया झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो वारला. टी-34 मात्र युद्धानंतरचे धरून 80,000 च्या वर बनले.

इंग्रजांचंही तसंच. 1936 साली मार्टेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने रशियात बीटी रणगाडे पळताना पाहिले आणि परत येऊन क्रिस्टीचा एक नमुना मागवायला लावला. त्यावरून इंग्लंडचे क्रूझर रणगाडे तयार झाले. आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेला क्रुसेडर त्यातलाच. तिथे आपली चौथी इंडियन डिव्हिजनही लढत होती, म्हणजे क्रिस्टीची चाकं आपल्या जवानांनी जवळून पाहिली असणार.

बरं, क्रिस्टीचं सस्पेन्शन निर्दोष होतं का? नाही. स्प्रिंगांनी आतली बरीच जागा खाल्ली. एखादी तुटली तर बदलताना मेकॅनिकचा जीव जायचा. आणि टी-34 मध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बरच नव्हते! स्प्रिंग दबते आणि परत उसळते, तिची उसळी खाऊन टाकतो तो शॉक. तो नसल्यामुळे रणगाडा खड्ड्यातून गेला की बराच वेळ पुढे-मागे झुलायचा आणि झुलत्या रणगाड्यातून नेम कसा लागणार? म्हणून रशियनांनी 1944 च्या टी-44 पासून टॉर्शन बार घेतले. त्यात लोखंडी दांडा पीळ खातो आणि तळाशी आडवा मावतो. भारताने 1971 च्या युद्धात वापरलेला टी-55 त्याच घराण्यातला. कुठे पाहायला मिळाला तर बघा, मोठी मोठी पाच चाकं आणि वरचा पट्टा सरळ त्यांच्यावरच टेकलेला. स्प्रिंग गेली, पण चाकांची ती ठेवण क्रिस्टीच्या घराण्याची आहे.

क्रिस्टी शेवटपर्यंत गप्प बसला नाही. विमानाला लटकवून नेता येईल असा हलका रणगाडाही त्याने आखला. पण गिऱ्हाईक नव्हतं आणि पैसाही संपत आला होता. 11 जानेवारी 1944 ला व्हर्जिनियात तो वारला, वय 78. त्या दिवशी युरोपात दोन देशांचे हजारो रणगाडे त्याच्या चाकांवर धावत होते. त्याच्या स्वतःच्या देशाच्या ताफ्यात ते सस्पेन्शन नव्हतं.

पुस्तक मिटलं तेव्हा मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, हट्टाशिवाय चाराचे दहा इंच होत नाहीत. दोन, हट्ट कल्पनेसाठी असावा, दुसऱ्याचं न ऐकण्यासाठी नसावा. क्रिस्टीची कल्पना जिंकली ती कोश्किनसारख्यांनी तिच्यात बदल केल्यावर. त्याने स्वतः ते बदल करू दिले असते तर?

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो. त्यांनी टोमणा मारला नाही, फक्त जुना आणि नवा शॉक टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. माझी चूक दिसायला तेवढं पुरलं. लांब शॉक दबलेला असतानाही जुन्यापेक्षा लांबच असतो, त्यामुळे माउंटिंग तेच ठेवल्यावर चाकाला वर जायची जागा उलट कमी झाली होती. आणि चाकाला खाली लोंबताना थांबवायचं काम जुना शॉक करत होता. नव्याने ते सोडलं, म्हणून सगळा ताण ड्राइव्ह शाफ्टवर आला.

मग आम्ही वरचं माउंटिंग सरकवलं, आर्म लांब केला, त्या प्रमाणात ड्राइव्ह शाफ्टही लांब घेतला. शॉक आर्मवर अशा जागी धरला की तो सहा इंच दबला की चाक दहा इंच हलावं. ब्रेकचा होज लांब केला. चाक ठरलेल्या जागेच्या खाली जाऊच नये म्हणून पट्टा लावायचं ठरवलं. पट्ट्याची जागा मात्र मी मुद्दाम ड्रॉइंगमध्ये रिकामी ठेवली.

ते ड्रॉइंग घेऊन रात्री मेसनंतर रूमवर गेलो. रूममेटचं प्लास्टर निघालं होतं, तो डाव्या हाताने मनगट चोळत बसला होता. मी सॉरी म्हटलं. खूप आधी म्हणायला हवं होतं. मग ड्रॉइंग त्याच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं की चालवणारा तू आहेस, तर हे तुझ्या सहीशिवाय वर्कशॉपमध्ये जाणार नाही. तो बराच वेळ बघत राहिला. शेवटी माझ्याच खिशातला पेन काढला आणि पट्टा कुठे हवा तिथे एक रेघ मारली. ती माझ्या मनातल्या जागेपासून चांगली दोन इंच वर होती.

मी वाद घातला नाही. पट्टा तिथेच लावला.

– टी. ई. मेकॅनिकल