कार्ल एल्सेनर : शिपायाच्या खिशातील चाकू

कार्ल एल्सेनर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० रोजी स्वित्झर्लंडमधील श्वीझ गावी झाला. घरचा धंदा टोप्यांचा. कार्ल मात्र चाकू-सुऱ्या बनवण्याचे काम शिकले आणि पुढे पॅरिस व जर्मनीतील टुटलिंगन येथे कारागीर म्हणून राहिले. तो भाग तेव्हा गरीब होता. कामधंद्यासाठी लोक देश सोडून जात. कार्ल उलट परत आले. १८८४ मध्ये त्यांनी श्वीझजवळ इबाख येथे ओढ्याकाठी कारखाना काढला. धार लावायची यंत्रे पाण्याच्या जोरावर फिरत.

याच सुमारास स्विस सैन्याला नवी श्मिट-रुबिन रायफल मिळाली. ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागे आणि शिधा बंद डब्यांतून येई. म्हणून प्रत्येक शिपायाला एक घडीचा चाकू द्यायचे ठरले. त्यात पाते, डबा उघडायचे अवजार, स्क्रू ड्रायव्हर आणि भोक पाडायचा टोचा अशी चारच अवजारे होती. कॅडेट मित्रांनो, ही यादी नीट पाहा. कामे आधी ठरली, अवजारे नंतर. आज दुकानात वीस-पंचवीस अवजारांचा चाकू पाहून हरखणारे आपण नेमके उलटे करतो.

पण एवढे चाकू करण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये कोणाकडेच नव्हती. १८९० साली पहिले १५,००० चाकू जर्मनीतील झोलिंगनहून आले. आपल्या शिपायाचा चाकू परदेशातून यावा हे कार्ल यांना पटले नाही. त्यांनी देशातील चाकू कारागिरांची संघटना उभी केली आणि १८९१ मध्ये पहिला माल सैन्याला दिला. झोलिंगनचे कारखाने मोठे, त्यांचा माल स्वस्त. बाकीचे कारागीर लवकरच बाजूला झाले. कार्ल एकटे राहिले, जवळचे सगळे पैसे गेले आणि कर्ज झाले. नातेवाइकांनी हात दिला नसता तर कारखाना तिथेच बंद पडला असता.

शिपायाचा तो चाकू मजबूत होता, पण जड. कार्ल यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू करायला घेतला. अडचण होती स्प्रिंगची. घडीच्या चाकूत पाठीवरची स्प्रिंग पाते उघडे आणि मिटलेले धरून ठेवते; अवजारे वाढली की स्प्रिंगा वाढतात आणि चाकू जाड होतो. कार्ल यांनी एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारे बसवली. दोन स्प्रिंगा, सहा अवजारे. एक छोटे पाते आणि बाटलीचे बूच काढायचा स्क्रू ही नवी भर. १२ जून १८९७ रोजी या चाकूची नोंदणी झाली. सैन्याने तो अधिकृतपणे घेतला नाही, तरी अधिकारी पदरच्या पैशाने विकत घेऊ लागले. कर्ज फिटले ते यातून.

चाकू घेताना आजही स्प्रिंगच आधी तपासावी. पाते उघडताना सारखा जोर लागावा, शेवटी टक् असा आवाज यावा आणि उघडे पाते बोटांनी हलवून पाहिले तर डुगडुगू नये. आणखी एक गोष्ट : त्या चाकूत पाते फक्त स्प्रिंगने अडते, त्याला कुलूप नाही. टोक दाबून भोक पाडायला गेलात तर पाते बोटांवर मिटते. त्यासाठी टोचा दिलेला आहे, तोच वापरावा. कॅम्पवर लाकूड तासायचे असेल, तर कुलूप असलेले पाते बरे.

१९०९ मध्ये कार्ल यांची आई व्हिक्टोरिया वारली. त्यांनी तिचे नाव आपल्या मालाला दिले आणि ढालीवरचा क्रॉस ही खूण घेतली. २६ डिसेंबर १९१८ रोजी कार्ल यांचे निधन झाले. तोवरचे चाकू साध्या पोलादाचे. ओले ठेवले की गंजत. १९२१ मध्ये कारखान्यात न गंजणारे पोलाद आले. फ्रेंचमध्ये त्याला इनॉक्स म्हणतात. आईच्या नावाला तो शब्द जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले.