इरावतीबाईंची वारी

दर आषाढी वारीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या फलटण तालुक्यातून जाते. पालखी आली, की आम्ही मुलंमुली पाण्याच्या कळशा नि भाकरी-पिठलं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतो. माझी आज्जी तर दरवर्षी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी चालते. म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर! गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तींची नावं वाटली, तेव्हा मी इरावती कर्वे हे नाव मुद्दाम मागून घेतलं. कारण त्यासुद्धा याच वाटेनं चालल्या होत्या.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. त्या देशाला आता म्यानमार म्हणतात. वडील तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांच्या झाल्यावर त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागा शाळेत पाठवलं. एवढ्या लहान वयात आईवडलांपासून दूर! पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या घरच्या मुलीसारख्या वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

१९२८ साली त्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीत बर्लिनला गेल्या. तिथल्या त्यांच्या प्राध्यापकांचं मत असं, की गोरे लोक जन्मतःच इतरांपेक्षा श्रेष्ठ असतात. कवट्या मोजून ते दिसेल असं त्यांना वाटे. इरावतीबाईंनी तब्बल १४९ कवट्या मोजल्या. तसा काही फरक आढळत नाही, असं त्यांनी सरळ लिहून दिलं. परक्या देशात आपल्याच गुरूंच्या मताविरुद्ध लिहायचं, म्हणजे केवढं धाडस! मला हे वाचून फार अभिमान वाटला.

पदवी घेऊन त्या परत आल्या. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. गावोगाव हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेच्या लोकांत मिसळायचं, त्यांच्या चालीरीती नि नातीगोती विचारून टिपून घ्यायची, हे त्यांचं काम. पुण्यात बायका स्कूटर चालवत नव्हत्या, त्या काळी त्या स्कूटरवरून फिरत. लोक माना वळवून बघायचे म्हणे!

अशा या विद्वान बाई एकदा माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघाल्या. त्याची हकिकत त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवली आहे. गुरुजींनी तो लेख आम्हांला वर्गात समजावून सांगितला.

वाटेत त्यांना नाना गावचे, नाना जातींचे वारकरी भेटले. सगळ्यांच्या तोंडी तेच अभंग, पायांखाली तीच धूळ. एकमेकांच्या सोबतीनं दिवसभर चालायचं. पण जेवायची वेळ झाली, की त्यांच्या दिंडीत चुली वेगळ्या आणि पंगती वेगळ्या! ब्राह्मण एकीकडे, मराठे एकीकडे. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांची दिंडी तर वेगळीच चाले. इरावतीबाईंना याचं फार वाईट वाटलं. देवाच्या दारी एक व्हायचं म्हणून एवढं चालायचं आणि चुलीपाशी मात्र दूर बसायचं, हे कसं, असा त्यांना प्रश्न पडला.

मग त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, घरचं सुखदुःख सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असंही काहीजणी म्हणाल्या. पण एका तरुण मुलीला शंका आली. वाटेवरची ही माया घराच्या उंबऱ्यातही अशीच राहील का, असं तिनं विचारलं. तिचा तो साधा प्रश्न इरावतीबाईंच्या फार जिव्हारी लागला.

हे ऐकताना मला आमच्या घरचा एक कप आठवला.

आज्जीच्या दिंडीत एक मावशी असतात. दोघी कित्येक वर्षं जोडीनं चालतात, एकमेकींचे पाय दाबून देतात. मी तिसरीत असताना त्या मावशी एकदा आज्जीला भेटायला आमच्या घरी आल्या. त्या ओट्यावरच बसल्या. त्यांना चहा दिला तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, दांडी तुटलेल्या कपात. तो कप मीच नेऊन दिला होता. चहा झाल्यावर मावशींनी तो स्वतः विसळून पालथा घातला. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

गुरुजींनी लेख सांगितला त्या दिवशी रात्री मी आज्जीला ती सगळी गोष्ट सांगितली. आज्जी काही बोलली नाही. नुसती माळ ओढत बसली. मला वाटलं, रागावली. सकाळी उठून बघते तर कोनाडा रिकामा!

या दिवाळीत आज्जीनं मावशींना निरोप धाडला. त्या आल्या. आज्जीनं त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं नि आपल्या शेजारी पाट मांडला. मी वाढायला होते. मावशी आधी अवघडल्या, पण मग दोघी वारीच्या गप्पांत रंगून गेल्या. हे भित्तिपत्रकात लिहू का, असं मी आज्जीला विचारलं. तिनं खुशाल लिही म्हणून सांगितलं.

इरावतीबाईंनी पुष्कळ पुस्तकं लिहिली. महाभारतावरच्या ‘युगान्त’ या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या वारल्या. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी! तरी वारीतल्या त्या मुलीचा प्रश्न आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचला, तो त्यांनी लिहून ठेवला म्हणून.

मित्र-मैत्रिणींनो, आणि शाळेत आलेल्या पालकांनो, आज घरी गेल्यावर तुमचाही कोनाडा एकदा बघा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी