व्यवसायोपचार आणि कमलाबाई निंबकर

व्यवसायोपचार हा शब्द कानावर पडला की बहुतेकांना शिवणकाम किंवा सुतारकाम शिकवणारा वर्ग आठवतो. तीन वर्षांचे मूल आधाराशिवाय बसत नाही, घास चावत नाही, म्हणून डॉक्टरांनी ही चिठ्ठी लिहून दिली, तर बदनापूरसारख्या गावातले आईवडील गोंधळणारच. एवढ्याशा लेकराला कसला व्यवसाय शिकवायचा? दोष थोडा शब्दाचाही आहे. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, तर माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळे: अंघोळ, जेवण, कपडे घालणे, लिहिणे आणि मुलांच्या बाबतीत सर्वांत आधी खेळणे. हा उपचार भारतात रुजवला तो कमला निंबकर यांनी.

कमलाबाई जन्माने अमेरिकन. १९०० साली जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. घर क्वेकर पंथाचे, म्हणजे शांतता, साधेपणा आणि सेवा यांना मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या, हिंदू धर्म स्वीकारला आणि कमला झाल्या. फलटणला शेती आणि शेळ्यामेंढ्यांच्या संशोधनासाठी नावाजलेले बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. सूनबाई म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर. मराठी वाचकाला हे घर असे अनेक बाजूंनी ओळखीचे आहे. सासूबाईंचे काम मात्र वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे पोचले नाही.

चाळिशी ओलांडल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९४० च्या दशकात अमेरिकेत जाऊन त्यांनी फिलाडेल्फियाच्या संस्थेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. घरसंसार, मुलेबाळे असताना समुद्रापलीकडे जाऊन नवी विद्या शिकणे त्या काळी सोपे नव्हते, आजही नाही. ही विद्याही तशी तरुण होती. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना बरे करताना अमेरिकेत ती वाढली. नुसता व्यायाम देण्यापेक्षा हाताला अर्थपूर्ण काम दिले, तर माणूस लवकर उभा राहतो, हे तिथल्या दवाखान्यांत दिसू लागले होते.

त्या परतल्या तेव्हा मुंबईपुढे पोलिओचे मोठे संकट होते. पोलिओने मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. उरलेल्या स्नायूंकडून काम कसे करून घ्यायचे, हाच प्रश्न उरतो, आणि तो औषधाने सुटत नाही. लुळ्या पायांच्या मुलांना आयुष्यभर उचलून न्यायचे की जमेल तेवढे स्वतःचे स्वतः करायला शिकवायचे? १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाईंच्या पुढाकाराने व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. भारतातली पहिली, आणि आशियातलीही पहिली समजली जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. देश स्वतंत्र होऊन पाचच वर्षे झाली होती! पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले. १९६० च्या दशकात कमलाबाई आशियातल्या पुनर्वसनाला वाहिलेले एक नियतकालिकही चालवत होत्या.

पहिलेपणाचा मान ठीकच, पण खरे मोल शाळेचे. बाहेरून तज्ज्ञ आणून चार वर्षे दवाखाना चालवणे सोपे असते. मात्र ही विद्या घराप्रमाणे बदलावी लागते. टेबलाशी बसून काट्याचमच्याने जेवणाऱ्या मुलाचा उपचार आणि मांडी घालून हाताने भाकरी मोडणाऱ्या मुलाचा उपचार एक कसा असेल? त्यासाठी इथलीच माणसे शिकवावी लागतात.

बदनापूरच्या घरातलेच उदाहरण घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेले, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसलेले मूल. अशा मुलाला आई बहुधा आडवे झोपवून, मान मागे टाकून भरवते. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्यातच अधिक. व्यवसायोपचारतज्ज्ञ आधी बसणे सुधारतात: पाठीला आधार, पाय टेकलेले, मान किंचित पुढे. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला की आखडलेल्या मुठीत मावतो. परातीतले ज्वारीचे दाणे वेचणे हा बोटांचा खेळ होतो. धड स्थिर झाले की श्वास आणि जबड्यावरचा ताबाही सुधारू शकतो, आणि तिथे वाचोपचारतज्ज्ञांना काम करणे सोपे जाते. म्हणून हे दोन्ही उपचार लहान मुलांत हातात हात घालून चालतात. अजिबात न बोलणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी मात्र सर्वांत आधी. मामाही उशिरा बोलला होता, या समजुतीत दोन वर्षे निघून जातात, आणि मेंदू सर्वांत वेगाने शिकतो तीच ही वर्षे असतात.

बदनापूरहून जालना वीसेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर चाळीसेक. अंतर फार नाही, पण दर आठवड्याला मजुरी बुडवून जाणे परवडत नाही. त्यामुळे घरी करायच्या गोष्टी आईला, आजीला नीट शिकवून घेणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. त्या दिवशी नेमके असेच मूल घरी ठेवले जाते, ते न्यावे. पुढे कुठे पाठवायचे, ते पथकाकडून समजते. खासगी तज्ज्ञ गाठलाच, तर त्याची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या. केईएममधली शाळा अजून चालू आहे. फलटणला १९८६ मध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी माध्यमाची एक शाळा काढली. त्याही जन्माने अमेरिकनच. शाळेला नाव दिले कमला निंबकर बालभवन.