लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्यापासून अक्षरापर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी हे गाव आज कृषी विद्यापीठामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात काही काळ एका स्त्रीचे वास्तव्य होते. तिने शाळेची पायरी कधी चढली नव्हती, आणि तरीही तिचे आत्मचरित्र आज मराठीच्या पदवी वर्गांत अभ्यासले जाते. मदरशाचे शिक्षण आटोपून मराठीची पदवी घेताना हे पुस्तक मजसमोर आले, आणि त्यातील काही प्रश्न अद्याप मनातून गेलेले नाहीत. ती स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्या मुसलमान नव्हत्या. जन्माने ब्राह्मण आणि पुढे ख्रिस्ती, असा त्यांचा प्रवास झाला. परंतु ज्यांचा धर्म वेगळा आहे त्यांच्या चरित्रातूनही शहाणपण घेण्यास आपल्या दीनने कधी मनाई केलेली नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. या घटनेचा धसका मुलीच्या वडिलांनी असा घेतला की पुढे आयुष्यभर त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात घेतली जात नसे, मीठसुद्धा त्यातून सुटले नाही. परक्याच्या स्पर्शाने आपण बाटतो, ही भीती घेऊन ही मुलगी लहानाची मोठी झाली.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक बुद्धिमान, कविमनाचे आणि एका जागी स्थिर न राहणारे गृहस्थ होते. नोकऱ्या सुटत, गावे बदलत, संसाराची आबाळ होई. मात्र एक गोष्ट त्यांनी केली, जी त्या काळी फार थोडे पती करीत असत. त्यांनी पत्नीला अक्षरओळख करून दिली.

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनाने त्यांच्या मनात खळबळ उडाली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या नातलगांच्या आश्रयाने पंढरपूर येथे राहू लागल्या. पतीने धर्म बदलला म्हणून आपणही बदलावा, असे त्यांना वाटले नाही, आणि आप्तांनी समजावले म्हणून पतीशी नातेही त्यांनी मनातून तोडले नाही. पुढील काही वर्षे त्यांनी ही वेदना सोसली. अखेर त्या पतीकडे परतल्या, परंतु आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवून.

टिळक त्या काळी अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात होते. १८१३ साली मुंबईत या मिशनचा आरंभ झाला आणि १८३१ साली अहमदनगर येथे त्याचे केंद्र स्थापन झाले. १८४२ साली तेथून ज्ञानोदय हे नियतकालिक निघू लागले. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालविल्या. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. १८५४ नंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले, आणि मिशनच्या शाळांचा पाया अधिक भक्कम झाला. शाळा, दवाखाना, छापखाना आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांचा सांभाळ या मार्गांनी हे लोक गावोगाव पोहोचले. नगर जिल्ह्यात त्यांच्याकडे वळलेल्यांत महार आणि मांग समाजांतील लोक प्रामुख्याने होते.

नगर आणि राहुरीच्या या काळातच लक्ष्मीबाईंच्या मनातील गाठ सुटली. त्या एकांतात विचार करीत राहिल्या. जाती जर देवाने निर्माण केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांच्या जातींप्रमाणे माणसांच्या शरीरांतही भेद दिसला असता. तो दिसत नाही, त्या अर्थी हा भेद माणसानेच केला, या निष्कर्षास त्या आल्या. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांनी संकोच केला नाही. ज्या मुलीच्या घरी मीठही धुतले जाई, तिने हे पाऊल स्वतःच्या बुद्धीने उचलले. त्यानंतर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

येथे आपली श्रद्धा स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. हजरत ईसा (अलै.) हे अल्लाहचे थोर प्रेषित होत, त्यांच्यावर ईमान ठेवल्यावाचून आपले ईमान पूर्ण होत नाही, मात्र ते अल्लाहचे पुत्र होत, हे आपण मानत नाही. मदतीच्या मोबदल्यात श्रद्धेची अपेक्षा ठेवणेही आपल्याला मान्य नाही. उपाशी माणसाला घास देताना त्याचा धर्म विचारू नये आणि दीनमध्ये सक्ती करू नये, ही पवित्र कुरआनची शिकवण आहे. परकीय सत्तेच्या छायेत वाढलेल्या या कार्यातील उणिवा खुद्द टिळकांनाही जाणवल्या होत्या. परदेशी वळणाचा ख्रिस्ती धर्म या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे मत झाले आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास देवाचा दरबार ही स्वतंत्र मंडळी स्थापन केली.

परंतु टीका करून आपली सुटका होत नाही. लक्ष्मीबाई ज्या निष्कर्षाला इतक्या यातनांनंतर पोहोचल्या, तो आपल्या घरात चौदाशे वर्षांपासून आहे. मदरशातील फिकहच्या पहिल्याच पुस्तकांत विद्यार्थी शिकतो की माणसाचे उष्टे पाणी पाक आहे, मग तो माणूस कोणत्याही धर्माचा वा कुळाचा असो. आपल्या नमाजच्या रांगेत मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ही शिकवण जवळ असताना, त्याच नगर जिल्ह्यात, त्याच दुष्काळात, तहानलेल्या आणि अपमानित माणसांच्या वस्तीत शाळा घेऊन आपल्यापैकी कितीजण गेले? पुण्यात उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला आपल्या घरात आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने उभ्या राहिल्या. ही नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु ती बोटांवर मोजण्याइतकी का राहिली, हे विचारीत नाही. आजही सोयरीक ठरविताना आपण बिरादरी पाहतो. हे आपले सोवळे नव्हे काय?

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. येशूच्या जीवनावरील ख्रिस्तायन हे त्यांचे ओवीबद्ध काव्य अपूर्ण राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले. १९३४ पासून त्यांचे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यात ना पांडित्य आहे, ना आक्रोश. पतीचा हट्ट, स्वतःचा राग, घरातील दारिद्र्य, हे सारे त्यांनी हसत सांगितले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी या जगाचा निरोप घेतला. एका घरातील थोड्याशा अक्षरओळखीतून मराठी गद्याला असा ग्रंथ लाभला.

वाचक बंधू-भगिनींनो, बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांची सुटका मदीनेच्या दहा-दहा मुलांना शिकविण्याच्या अटीवर करण्यात आली, हे आपण सीरतमध्ये वाचतो. ते कैदी मूर्तिपूजक होते आणि काल-परवापर्यंत शत्रू होते. तरीही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांच्याकडून अक्षर घेण्यात कमीपणा मानला नाही. मग मिशनच्या शाळेपासून आपण काय घ्यावे आणि काय सोडावे, याचे उत्तर अवघड नाही. श्रद्धा आपली ठेवावी आणि सेवेची तळमळ त्यांच्याकडून शिकावी.

आपल्या मोहल्ल्यात अशा अनेक माता आहेत, ज्यांना कुरआनचे नाजरा वाचन येते, पण मुलाच्या शाळेतून आलेली मराठी चिठ्ठी वाचता येत नाही. ती वाचून घेण्यासाठी त्यांना शेजारच्या घरी जावे लागते. टिळकांनी घरात जे केले ते करण्यास मिशनही लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. इशाच्या नमाजनंतर रोज अर्धा तास आणि एक पाटी पुरेशी आहे. ज्या पुरुषाला अल्लाहने अक्षर दिले आहे, त्याच्यावर घरातील स्त्रियांचा हा हक्क आहे, आणि हक्काचा हिशेब आखिरतमध्ये द्यावाच लागणार आहे.