मिर्झासाहेब आणि रामशास्त्री : नट गजानन जागीरदार

शैक्षणिक संस्थेच्या स्मरणिकेत एखाद्या आलिमाचे, कवीचे किंवा शिक्षणप्रेमी दानशूराचे चरित्र असावे अशी रीत आहे. सिनेमातल्या नटाचे चरित्र पाहून काही पालक भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. सिनेमाच्या नादाने मुले अभ्यासापासून दूर जातात ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. तरीही गजानन जागीरदार या नटाची हकीकत आपल्या विद्यार्थ्यांना सांगावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

जागीरदारांचा जन्म २ एप्रिल १९०७ रोजी वऱ्हाडात अमरावती येथे झाला. त्या काळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, अशी दुहेरी अवस्था होती. आपला परभणी जिल्हा पुरताच निजामाच्या राज्यात होता, म्हणजे एका अर्थाने जागीरदार आपल्या शेजारमुलखातलेच. लहानपणापासून त्यांना नाटकाची ओढ होती. हौशी रंगभूमीवर त्यांनी कामे केली. शिक्षण चांगले झाले होते आणि इंग्रजीवर प्रभुत्व होते. या इंग्रजीनेच त्यांना सिनेमाचा दरवाजा उघडून दिला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्या वेळी चित्रपट मुके होते. पात्रे ओठ हलवीत आणि मधूनमधून पडद्यावर मजकुराची पाटी येई. ती पाटी वाचून प्रेक्षकांनी गोष्ट समजून घ्यावयाची. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारी बसलेला मोठ्याने वाचून दाखवी. अशा पाट्यांचा इंग्रजी मजकूर लिहिण्याचे काम जागीरदारांना 'प्रभात फिल्म कंपनी'त मिळाले. ही कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली व १९३३ मध्ये पुण्यास गेली. तिच्या संस्थापकांत व्ही. शांताराम आणि दामले यांच्याबरोबर शेख फत्तेलाल हेही होते. हे कागलचे फत्तेलाल मोठे कलादिग्दर्शक. १९३६ च्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचे दामल्यांबरोबर दिग्दर्शन त्यांनीच केले आणि तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. देहूच्या संताचे चरित्र पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होता, हे आपल्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक आहे? फत्तेलालांवर स्वतंत्र लेखच हवा. तो पुढच्या एखाद्या अंकासाठी कोणी तरी लिहावा.

बोलपट आले आणि जागीरदार लेखणी सोडून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. १९३२ च्या 'जलती निशानी'त त्यांनी काम केले. पुढे प्रभात सोडून ते इतरत्र दिग्दर्शन करू लागले, सोहराब मोदींच्या चित्रपटांतही दिसले. ही सात-आठ वर्षे धडपडीची होती. त्यातले फारसे आज कोणाच्या स्मरणात नाही आणि तपशिलात शिरण्याचेही कारण नाही.

१९४१ साल उजाडले. देशात हिंदू-मुसलमानांच्या दरम्यान दरी वाढत चालली होती. आदल्याच वर्षी लाहोरचा ठराव झाला होता. अशा दिवसांत शांतारामांनी विश्राम बेडेकरांच्या लेखणीतून उतरलेला एक चित्रपट काढला. मराठीत त्याचे नाव 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी'. एका गावात दोन वयोवृद्ध जिवलग मित्र आहेत. एक हिंदू पाटील, दुसरे मुसलमान मिर्झा. धरण बांधू पाहणाऱ्या एका भांडवलदाराला गावाची जमीन हवी असते. हे दोघे एकत्र आहेत तोवर गाव हलणार नाही हे त्याला उमगते. मग तो त्यांच्यात आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गावात वैर पेरतो. मित्र दुरावतात, गाव दुभंगते. अखेर धरण फुटते तेव्हा ते दोघे पुन्हा एकत्र येतात, परंतु ती भेट मरणाच्या दारातली असते.

या गोष्टीत भांडणाचे मूळ धर्मात दाखवलेले नाही, जमिनीच्या लोभात दाखवले आहे. लेखकाची ही समज मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावकीत ज्यांनी आयुष्य काढले आहे त्या वडीलधाऱ्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता भूमिकांची वाटणी पाहा. त्या काळी एका भाषेतला चित्रपट दुसऱ्या भाषेत नुसता आवाज बदलून नेत नसत. तोच सेट, तेच दिवे, परंतु प्रत्येक प्रसंग दोनदा घ्यावयाचा, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. ज्या नटाला दोन्ही भाषा चांगल्या येत तो दोन्हीकडे राही, बाकीचे बदलत. मराठी 'शेजारी'त पाटलाचे काम केशवराव दाते यांनी केले. हिंदीत तीच भूमिका मझहर खान या मुसलमान नटाने केली (हे जुने मझहर खान, याच नावाचा नट पुढेही होऊन गेला, त्याच्याशी घोटाळा करू नये). आणि मिर्झा? मराठीतही जागीरदार, हिंदीतही जागीरदार. म्हणजे हिंदी चित्रपटात मुसलमान नट हिंदूची भूमिका करीत होता आणि हिंदू नट मुसलमानाची. हिंदू म्हाताऱ्यासाठी दोन भाषांत दोन नट शोधावे लागले, मुसलमान म्हाताऱ्यासाठी मात्र अमरावतीचा एकच गृहस्थ दोन्हीकडे पुरला.

ही वाटणी योगायोगाची खासच नव्हती. आणखी एक गोष्ट अशी की, त्या वेळी जागीरदार अवघे चौतीस वर्षांचे होते. केशवराव दाते त्यांच्याहून सुमारे अठरा वर्षांनी वडील. दोघांनी पडद्यावर समवयस्क दिसावयाचे, म्हणजे चौतिशीतल्या माणसाने आपली चाल, आवाज, बसणे-उठणे, सारे म्हातारे करावयाचे. नुसती पांढरी दाढी लावून हे साधत नाही. मी स्वतः त्याच वयाच्या आसपास असल्यामुळे ही करामत मला अधिकच थक्क करते.

आपल्या भागातल्या शाळांतून स्नेहसंमेलने होतात. मी पाहत आलो आहे की ऐतिहासिक नाटुकले बसवावयाचे झाले की आपल्या मुलाच्या वाट्याला मोगल सरदार किंवा पहारेकरी ठरलेला. मुलगा घरी येऊन हिरमुसतो. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका शाळेत एका मुलाला वारकऱ्याची छान भूमिका मिळाली, तर त्याच्या अब्बांनी दुसऱ्या दिवशी येऊन त्याचे नाव काढावयास लावले. मुलाचे उच्चार उत्तम होते, पाठांतर झाले होते. त्या अब्बांशी मी वाद घातला नाही. परंतु मिर्झा आणि पाटील यांची ही अदलाबदल तेव्हापासून माझ्या मनात घोळत आहे. दुसऱ्याची भूमिका केल्याने जागीरदारांचे काही उणे झाले नाही आणि मझहर खानांचेही नाही.

त्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'चे दिग्दर्शन जागीरदारांनी केले आणि पुढच्या वर्षी 'वसंतसेना'चे. मग १९४४ मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' आला. त्याच्या दिग्दर्शनाचे काम हात बदलत अखेर जागीरदारांकडे आले व मुख्य भूमिकाही त्यांचीच. इतिहासाच्या पुस्तकात विद्यार्थ्यांनी रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव वाचले असेलच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खुनाच्या मागे खुद्द त्यांचे काका रघुनाथराव होते आणि पेशवाईची वस्त्रेही त्यांनाच मिळाली होती. अशा सत्ताधीशाला न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. आनंदीबाईची भूमिका ललिता पवार यांची होती. रामशास्त्री लहानपणी विद्येपासून वंचित होते व उशिरा काशीस जाऊन शिकले, अशी परंपरा सांगते. दहावीला नापास झालेल्या मुलाला मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

मिर्झा करणारा आणि रामशास्त्री करणारा नट एकच, आणि मध्ये अंतर तीन वर्षांचे. एकीकडे गावातला सालस मुसलमान म्हातारा, दुसरीकडे पेशव्यांसमोर ताठ उभा राहणारा शास्त्री. प्रेक्षकांनी दोघांनाही आपले मानले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत या दोन भूमिकांच्या तोडीचे दुसरे काही नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी अनेक मराठी व हिंदी चित्रपटांत कामे केली. १९६१ चा 'वैजयंता' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट. 'हम दोनो' (१९६१) मध्ये ते साधनाचे वडील झाले आणि 'गाइड' (१९६५) मध्ये खेड्यातला भोला. नायकाच्या नावाची पाटी मोठी असते आणि अशा नटांचे नाव खाली बारीक अक्षरांत. तरीही प्रसंग उभा राहतो तो त्यांच्यावर.

दरम्यान एक वेगळी कामगिरी त्यांच्याकडे आली. प्रभात कंपनी १९५३ मध्ये बंद पडली होती. त्याच जागेवर केंद्र सरकारने १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि तिचे पहिले प्राचार्य म्हणून जागीरदारांची नेमणूक झाली. ज्या आवारात त्यांनी मिर्झा आणि रामशास्त्री उभे केले, तेथेच ते आता मुलांना शिकवणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले. ते फार दिवस तेथे राहिले नाहीत, पुन्हा अभिनयाकडे वळले. परंतु शिकवण्याची आवड राहिलीच. 'अभिनय कसा करावा' हे पुस्तक त्यांनी लिहिले आणि 'पाऊलखुणा' हे आत्मचरित्रही. संमेलनाच्या नाटकात काम करू इच्छिणाऱ्यांनी पहिले पुस्तक मिळवून जरूर वाचावे.

१९८१ मध्ये मुझफ्फर अलींचा 'उमराव जान' आला. त्याची मूळ कादंबरी मिर्झा हादी रुसवा यांची, उर्दूतली नामांकित. त्या चित्रपटातले मौलवीसाहेब म्हणजे आपले जागीरदारच. 'पडोसी'ला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. चौतिसाव्या वर्षी त्यांना म्हातारपण ओढून आणावे लागले होते, आता ते आपल्या पावलांनी आले होते. लखनऊच्या त्या वातावरणात हा वऱ्हाडातला माणूस कोठेही परका वाटत नाही. उर्दू घरची असूनही आपली मुले जेव्हा शीन-काफची हेळसांड करतात, किंवा परभणीत जन्मून मराठीतला 'ळ' टाळतात, तेव्हा मला या मौलवीसाहेबांची आठवण होते. १३ ऑगस्ट १९८८ रोजी जागीरदारांचे निधन झाले.

पूर्वी उरुसात आणि जत्रेत तंबूतले सिनेमे येत, ते दिवस गेले. आता प्रभातचे जुने चित्रपट मोबाइलवरही पाहावयास मिळतात. संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या स्नेहसंमेलनाच्या आधी एका रविवारी शाळेच्या मोठ्या वर्गात पडदा लावून 'पडोसी' दाखवावा आणि त्या दिवशी आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर त्यांच्या अब्बा-अम्मींनाही बोलवावे. जमल्यास 'शेजारी'तला एखादा प्रसंग मराठीत बसवून घेण्याची तयारी मी करीन. पाटील कोणी व्हावयाचे आणि मिर्झा कोणी, हे मुलांनाच ठरवू द्यावे.