काटा रुतला आणि...

बोटात काटा मोडला, की रात्री तिथे ठणका लागतो. बोट सुजते, लाल होते, दोन दिवसांनी पू धरतो. आजी पोटीस बांधायची आणि आपण कण्हत झोपी जायचो. त्या सुजलेल्या बोटात आपल्याच बाजूने एक लढाई चाललेली असते, हे जगाला दाखवून देणारा माणूस म्हणजे इल्या मेचनिकॉव्ह.

त्याचा जन्म १८४५ सालचा, आजच्या युक्रेनमधील खारकोव्हजवळचा. प्राणिशास्त्रात त्याने लहान वयातच नाव कमावले, ओडेसाला प्राध्यापकीही मिळाली. पण घरात सुख नव्हते. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगली होती, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली आणि दुःखाने वेड्या झालेल्या मेचनिकॉव्हने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. पुढे १८८० मध्ये दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली. पुन्हा खचून त्याने तापाच्या एका रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. भयंकर आजारी पडला. पण त्यातूनही उठला. शरीराने दोनदा त्याचे ऐकले नाही!

१८८२ मध्ये ओडेसाची नोकरी सोडून तो सिसिली बेटावर मेसिनाला गेला. डिसेंबरमधली एक दुपार. घरची मंडळी सर्कशीला गेलेली. हा एकटाच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पिल्ले बघत बसला होता. काचेसारखी आरपार दिसणारी ती पिल्ले आणि त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी. मनात आले, या पेशी पहारेकरी तर नसतील? बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून त्याने त्या पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतो तो काय, पेशींनी काट्याला गराडा घातलेला!

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच जंतूंना गिळून पचवतात, असे तो सांगू लागला. तोवर वैद्यकाची समजूत उलटी होती. या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असे मानले जाई. जर्मन शास्त्रज्ञ म्हणत, रक्षण करतो तो पेशीविरहित रक्तद्रव. वाद वर्षानुवर्षे चालला. १८८८ मध्ये पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली. अखेर १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि रक्तद्रवाच्या बाजूच्या पॉल एर्लिकला विभागून मिळाले. हयात बँकेत दोन वह्यांचा ताळा जुळवण्यात गेल्याने मला हा निवाडा फार आवडतो. दोघेही खरे होते. रक्तद्रवातली प्रतिपिंडे जंतूला चिकटतात आणि मग पेशींना तो गिळणे सोपे जाते.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मेचनिकॉव्हचा ओडेसातला विद्यार्थी वाल्देमार हाफकिन त्याच्याच मदतीने पॅरिसला पोचला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा हाफकिनने इथेच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. गुरूने मरण यावे म्हणून सुई टोचून घेतली होती, शिष्याने लोक जगावेत म्हणून.

मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये पॅरिसला वारला. पुन्हा कधी बोटात काटा मोडला आणि पू धरला, तर एवढे आठवावे, की त्या पुवात आपल्यासाठी लढून मेलेल्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात. आपण निराश असलो तरी त्या लढायच्या थांबत नाहीत.