गाडी शिकला नाही म्हणून शाळेने प्रमाणपत्र अडवलं, पुढे तोच पोरगा सरकारी खात्याचा संचालक झाला

घरात दिव्यांग मूल असलं की आईबाप त्याला जपतात आणि त्याच्या वतीने सगळीकडे स्वतःच बोलतात. दवाखाना असो, बँक असो की तहसील कार्यालय, मूल पंचविशीचं झालं तरी साहेब प्रश्न आईला विचारतात आणि उत्तरही आईच देते. अमेरिकेतल्या एका आईने आणि तिच्या पोराने ही रीत मोडली. त्या पोराचं नाव एड रॉबर्ट्स. जगभरातली दिव्यांग चळवळ आज त्यांना स्वावलंबी जगण्याच्या चळवळीचे जनक मानते.

एडचा जन्म २३ जानेवारी १९३९ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅटिओ गावचा. चार भावांत हा थोरला आणि खेळात एकदम पुढे. १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. लस जाहीर व्हायला अजून दोन वर्षं होती. मानेखालचं शरीर लुळं पडलं, हाताची दोन बोटं आणि पायाची काही बोटं तेवढी हलायची. श्वासही आपला आपण घेता येईना, म्हणून त्याला लोखंडी फुफ्फुसात ठेवलं. हे एक मोठं नळकांडं असतं. रुग्णाचं डोकं बाहेर आणि बाकी अंग आत, आतल्या हवेच्या दाबावर छाती वरखाली होते.

हा वाचण्यापेक्षा गेलेला बरा, जगला तर नुसता भाजीपाल्यासारखा पडून राहील, असं डॉक्टर आईला सांगत होते आणि ते एडच्या कानावर पडलं. त्याने खाणंच सोडलं. अंगाची काडी झाली. मग एक दिवस त्यानेच ठरवलं की जगायचं, आणि जेवायला लागला. पुढे भाषणांत ते हसत सांगायचे की भाजीच व्हायचं तर मी आर्टिचोक होईन. ही भाजी बाहेरून काटेरी आणि आतून मऊ, आपल्या फणसाच्या जातीची म्हणा ना!

घरी आल्यावर एड टेलिफोनच्या तारेवरून शाळा शिकला. लोक टक लावून बघतील या भीतीने तो बाहेरच पडायला तयार नव्हता. आई झोना यांनी मात्र हट्ट धरला, आठवड्यातून एकदा तरी वर्गात जायचंच. तो गेला. सगळे बघत होते, पण त्या नजरांनी काही मोडलं नाही हे त्याला तिथेच कळलं. नजरेची भीती मेली ती कायमची.

शाळा संपताना वेगळाच तमाशा झाला. मोटार चालवण्याचा आणि शारीरिक शिक्षणाचा विषय पूर्ण नाही, म्हणून शाळेने पास झाल्याचं प्रमाणपत्र अडवलं. मानेखाली लुळ्या मुलाकडे गाडी चालवण्याचे मार्क मागायचे! झोना थेट शिक्षण मंडळापर्यंत भांडल्या आणि प्रमाणपत्र घेऊनच थांबल्या. एडने ते सगळं जवळून पाहिलं. नेतृत्वाचं त्याचं पहिलं शिक्षण घरातच झालं.

पुढची अडचण पैशाची. राज्याच्या पुनर्वसन खात्याने शेरा मारला की याचं अपंगत्व इतकं तीव्र आहे की हा कधी काम करू शकणार नाही, मग खर्च कशाला? वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा खातं नमलं. १९६२ मध्ये एड बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. सुमारे ८०० पौंडांचं ते लोखंडी फुफ्फुस वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल दवाखान्यात खोली मिळाली. त्याच्यामागून आणखी तीव्र दिव्यांग विद्यार्थी आले आणि दवाखान्याचा तो मजला म्हणजे चळवळीचा अड्डा झाला. या मंडळींनी स्वतःला रोलिंग क्वाड्स असं गमतीचं नाव घेतलं.

एक मजेची गोष्ट. तोवर एडची खुर्ची मदतनीस ढकलायचा. मग तो प्रेमात पडला. मैत्रिणीसोबत फिरायला जायचं आणि मागे तिसरा माणूस, हे कसं चालेल? म्हणून विजेवरची खुर्ची चालवायला तो झटपट शिकला.

१९७० मध्ये विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सेवा सुरू झाली. मदतनीस शोधून देणं, खुर्च्यांची दुरुस्ती, राहायला घर, अशी रोजच्या गरजेची कामं. पण गाडा हाकणारे दिव्यांगच होते, हे नवीन होतं. १९७२ मध्ये याच धर्तीवर शहरातल्या सर्वांसाठी स्वावलंबी जीवन केंद्र उभं राहिलं आणि लवकरच रॉबर्ट्स त्याचे प्रमुख झाले. तिथे नवख्या दिव्यांगाला सल्ला द्यायला अनुभवी दिव्यांगच बसायचा. मदतनीस कोण ठेवायचा, त्याला काय सांगायचं, न जमल्यास कसं काढायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

१९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्स यांना पुनर्वसन खात्याचे संचालक नेमलं. ज्या खात्याने त्यांना कामाला नालायक ठरवलं होतं, तेच हे खातं! आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर खात्याने बुडीत धरलेली रक्कम व्याजासकट परत आली. त्यांनी राज्यात ठिकठिकाणी अशी केंद्रं उभी केली. १९७७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचे नियम सरकार लागू करेना, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत दिव्यांगांनी तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला. रॉबर्ट्स स्वतः अधिकारी असून आंदोलकांच्या बाजूने बोलले. त्या एप्रिलअखेर नियमांवर सही झाली.

१९८३ मध्ये त्यांनी ज्युडिथ ह्यूमन आणि जोन लिऑन यांच्यासोबत वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑन डिसॅबिलिटी ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. लग्न झालं, मुलगा झाला. १४ मार्च १९९५ रोजी ५६ व्या वर्षी ते गेले. त्यांची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

ते गेले त्याच वर्षाअखेर आपल्या संसदेने दिव्यांगांसाठी पहिला सर्वंकष कायदा केला. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. यूडीआयडी कार्ड कुठल्याही राज्यात काढलेलं असो, ते देशभर चालावं हा उद्देश आहे. सीमाभागात उपचार एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात असणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

कायदा कागदावर आला, पण बोलायचं कुणी? झोना भांडल्या, पण जागा अडवून बसल्या नाहीत. मुलाला बोलता येऊ लागल्यावर त्याला बोलू दिलं. आपल्याकडच्या आईबापांनी एवढं तरी करून बघावं. पुढच्या वेळी साहेबांनी प्रश्न विचारला की घाई करू नका. मुलाला वेळ लागेल, शब्द अडखळतील. अडखळू द्या, उत्तर त्याचं त्याला देऊ द्या.